मांजरेच्या डोहातले पाणघोडे

(मराठवाड्यातील एका वाचनालयाच्या वार्षिक व्याख्यानमालेत एका ज्येष्ठ पत्रकाराने दिलेल्या व्याख्यानाचे हे शब्दांकन.)



प्रारंभीच एक कबुली देतो. मी कला शाखेचा पदवीधर. भूगर्भशास्त्र आणि प्राणिशास्त्र यांच्याशी माझा संबंध शाळेतच संपला होता. या विषयावरची पुस्तके मी चाळिशी उलटल्यावर हौसेने आणि शब्दकोश शेजारी ठेवून वाचली. तेव्हा आज तुम्ही ऐकणार आहात तो एका बातमीदाराचा वृत्तांत आहे, असे समजा. फरक इतकाच की, ज्यांच्याविषयी मी सांगणार आहे ते साक्षीदार काही हजार ते काही लक्ष वर्षांपूर्वी मरण पावले आहेत.

२०१६ च्या एप्रिलमध्ये मी लातूरच्या रेल्वे स्थानकावर उभा होतो. मिरजेहून पाणी घेऊन निघालेली पहिली गाडी १२ एप्रिलला तेथे पोहोचली. दहा वाघिणी, प्रत्येकीत सुमारे पन्नास हजार लिटर, म्हणजे एकूण पाच लाख लिटर पाणी. तीनशेहून अधिक किलोमीटर अंतर कापून आलेल्या त्या पाण्याचे स्वागत करायला माणसे हार-फुले घेऊन आली होती. एखाद्या मंत्र्याची वाट पाहावी तशी लोक पाण्याची वाट पाहत आहेत, हे दृश्य मी आयुष्यात प्रथमच पाहिले. धनेगावचे मांजरा धरण तेव्हा कोरडे पडले होते. बातमी पाठवून झाल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी मी मांजरेच्या पात्रात उतरलो. पाण्याचा थेंब नव्हता. तडे गेलेला गाळ, मधूनमधून खडक, आणि दोन्ही बाजूंना नदीनेच कोणे एके काळी आणून टाकलेल्या मातीच्या उभ्या दरडी.

मांजरेच्या अशाच दरडींमधून, लातूर जिल्ह्यातल्या हरवाडीसारख्या ठिकाणी, पुण्याच्या डेक्कन महाविद्यालयाच्या संशोधकांना प्राचीन प्राण्यांची अश्मीभूत हाडे आणि दात मिळाले आहेत. त्यांत हत्ती आहेत, रानबैल आहेत, आणि पाणघोडाही आहे.

आपण नीट ऐकलेत. पाणघोडा. जो आज आफ्रिकेबाहेर बहुधा प्राणिसंग्रहालयातच दिसतो, दिवसभर पाण्यात नाकापर्यंत बुडून राहतो, त्या प्राण्याचे नातलग मांजरेच्या डोहात डुंबत होते. जिथे मी कोरड्या पात्रात उभा होतो, तिथे. त्या दिवसापासून हा विषय माझ्या डोक्यातून गेलेला नाही. त्या नदीत असे काय होते की पाणघोडा तेथे राहू शकला, आणि तो गेला कसा, एवढेच आज सांगायचे आहे.

जीवाश्म हा शब्द ज्यांना परका वाटत असेल त्यांनी आपल्या देव्हाऱ्यातला शाळिग्राम आठवावा. गंडकीच्या पात्रातून येणारा तो काळा गोटा आणि त्याच्या पोटातले ते चक्र म्हणजे समुद्रात राहणाऱ्या एका शंखधारी जीवाचा ठसा आहे. आज जेथे हिमालय आहे तेथे कधी समुद्र होता, याचा पुरावा आपण पिढ्यान्‌पिढ्या तुळशीपत्र वाहून पूजत आलो. जीवाश्म हे असे असतात. ते स्वतःविषयी थोडे आणि आपल्या परिसराविषयी पुष्कळ सांगतात.

आता आणखी एक कबुली, आणि ही जरा लाजिरवाणी आहे. पत्रकारितेत मी नवा होतो तेव्हाची, १९९० च्या दशकातली गोष्ट. एक शेतकरी आमच्या कार्यालयात गोणपाटात गुंडाळून एक वस्तू घेऊन आला. विटेपेक्षा मोठी, दगडासारखी जड, वरच्या बाजूला पाट्यावरच्या टाक्यांसारख्या आडव्या रेघा. नदीकाठी खणताना सापडली, म्हणाला. मी दुसऱ्या दिवशी चार ओळींची बातमी दिली, मथळा होता ‘राक्षसाचा दात सापडला’. खप वाढला की नाही ठाऊक नाही. पण एका निवृत्त शिक्षकांचे पोस्टकार्ड आले. ‘राक्षसाला अशी पट्ट्यापट्ट्यांची दाढ नसते, हत्तीला असते. बातमी देण्यापूर्वी विचारले असते तर बरे झाले असते’ एवढाच मजकूर. शेतकरी तो दात कार्यालयातच ठेवून गेला होता. काही वर्षे तो टेबलावरचे कागद उडू नयेत म्हणून वापरला गेला, आणि कार्यालयाची जागा बदलली तेव्हा भंगाराबरोबर गेला. तो कोणत्या गावचा, नदीच्या कोणत्या वळणावरचा, हे शेतकऱ्याने मला सांगितले होते. मी ते टिपून घेतले नाही. आज मला कळते की त्या दाताची अर्धी किंमत त्या न टिपलेल्या ओळीत होती.

दाताला इतके महत्त्व का, असे तुम्ही विचाराल. प्राणी मेला की मांस जाते, हाडे कोल्हे-तरस फोडतात, उरलेली पुरात झिजतात. दातावरचे लुकण मात्र शरीरातला सर्वांत कठीण पदार्थ. ते टिकते. शिवाय सस्तन प्राण्यांच्या दातांत एक मोठी सोय आहे. मगरीचे सगळे दात बहुधा एकाच घडणीचे; सस्तन प्राण्याचा दात मात्र त्याच्या आहाराप्रमाणे घडलेला असतो. गवतात सिलिकाचे बारीक कण असतात, त्यावर धूळ असते. असे खरखरीत गवत जन्मभर चावायचे तर दाढ उंच हवी, झिजून झिजून पुरली पाहिजे. घोड्याची दाढ तशी असते. कोवळा पाला खाणाऱ्याला इतकी उंच दाढ लागत नाही. नर्मदेच्या खोऱ्यात ‘स्टेगोडॉन’ नावाचा हत्तीचा एक भाऊबंद मिळतो. त्याच्या दाढेवर घराच्या पाख्यांसारखे बुटके उंचवटे असतात, पाला आणि फांद्या चावायला सोयीचे. त्याच खोऱ्यात दुसरा एक हत्ती मिळतो, त्याच्या दाढेत पातळ, उंच पट्ट्यांची रांगच रांग असते. एका खोऱ्यात दोन तऱ्हेच्या दाढा मिळाल्या की अभ्यासक म्हणतो, येथे झाडीही होती आणि गवताची कुरणेही होती.

पण दाताचा आकार ही झाली जुनी विद्या. गेल्या चाळीसएक वर्षांत दाताच्या रसायनाची नवी विद्या आली, आणि ती आपल्या शेतकऱ्यांना चटकन समजेल अशी आहे. ज्वारी, बाजरी, मका, ऊस ही एका कुळीची पिके आणि गहू, भात, तूर, हरभरा ही दुसऱ्या कुळीची. हवेतला कार्बन शोषून घेण्याची दोघांची रीत निराळी आहे. उष्ण प्रदेशातली बहुतेक गवते ज्वारीच्या वाटेने जातात, झाडेझुडपे तुरीच्या वाटेने. हवेतल्या कार्बनमध्ये नेहमीच्या अणूंबरोबर काही किंचित जड अणू असतात. ज्वारी-उसाच्या कुळीत त्या जड अणूंचे प्रमाण जरा अधिक उतरते. जनावर जे खाते त्याचा हा हिशेब त्याच्या दाताच्या लुकणात उतरतो आणि लक्षावधी वर्षे टिकतो. मधात उसाची साखर मिसळली आहे का, हे प्रयोगशाळेत ओळखतात तेही याच युक्तीने. तेव्हा दाताचा चिमूटभर चुरा तपासला की कळते, हे जनावर उघड्या माळावर चरत होते की झाडीत. त्याच लुकणातल्या ऑक्सिजनवरून ते कसले पाणी पीत होते, प्राणी पाण्यात राहणारा होता की कोरड्यात, याचाही अंदाज बांधता येतो.

या विद्येचा भारतीय उपखंडातला आरंभ मात्र मांजरेपासून फार दूर, हिमालयाच्या पायथ्याशी झाला. तेथे थोडे जाऊन यायला हवे, कारण आपल्या गोदावरी-मांजरेतल्या हाडांना जी नावे मिळाली ती त्याच परंपरेतून आली.

ह्यू फाल्कनर हा स्कॉटिश वैद्य १८३२ मध्ये सहारनपूरच्या वनस्पती उद्यानाचा प्रमुख झाला. प्रॉबी कॉटली हा कालव्यांचा अभियंता. पुढे गंगेचा मोठा कालवा त्यानेच बांधला. या दोघांनी शिवालिकच्या टेकड्यांतून हाडे गोळा करायला सुरुवात केली. ताडून पाहायला जवळ संग्रहालय नाही, पुस्तके नाहीत. तेव्हा त्यांनी भोवतालच्या जिवंत प्राण्यांचे सांगाडे स्वतः तयार केले आणि एकेक हाड त्यांच्याशी जुळवून पाहिले. १८३६ मध्ये त्यांनी एका अजस्र, फांद्यांसारखी शिंगे असलेल्या जिराफवर्गीय प्राण्याला ‘शिवाथेरियम’ म्हणजे शिवाचे श्वापद असे नाव दिले. पुढे ‘ब्रह्माथेरियम’ आले, ‘विष्णुथेरियम’ही आले, आणि प्रचंड सुळ्यांच्या एका हत्तीला फाल्कनर-कॉटलींनी ‘गणेश’ हे नाव दिले. १८३७ मध्ये लंडनच्या भूवैज्ञानिक संस्थेने दोघांना आपले मानाचे वुलस्टन पदक दिले. हाडे मात्र पेट्यांमागून पेट्या भरून लंडनला गेली. आपल्या देवांची नावे धारण केलेले हे प्राणी पाहायला आपल्या विद्यार्थ्याला पारपत्र काढावे लागावे, ही खंत मी नोंदवतो. पण हेही प्रांजळपणे सांगितले पाहिजे की, ज्या काळात ती हाडे उचलून, साफ करून, मोजून, चित्रे काढून छापण्याचे कष्ट कोणी घेतले, त्या काळात ते आपण घेतले नव्हते.

शिवालिकच्या या थरांतला सर्वांत मोठा वृत्तांत सुमारे ८० ते ७० लाख वर्षांपूर्वीचा आहे. आज पाकिस्तानात असलेल्या पोटवार पठारावरच्या जुन्या मातीचा आणि दातांचा कार्बन तपासला, तेव्हा दिसले की त्याआधी तेथे तुरीच्या कुळीतल्या वनस्पतींचा, म्हणजे झाडीचा, अंमल होता आणि मग काही लाख वर्षांत उष्ण प्रदेशातल्या गवताने सगळा मुलूख व्यापला. १९८९ मध्ये हे संशोधन प्रसिद्ध झाले तेव्हा त्याचे श्रेय मान्सून बळकट होण्याला दिले गेले. पुढे आफ्रिकेत आणि अमेरिकेतही जवळपास त्याच सुमारास गवत पसरल्याचे आढळले. तेव्हा हवेतला कार्बन डायऑक्साइड घटणे हे कारण पुढे आले. कारणांचा वाद असो, परिणाम दातांत लिहिलेला आहे. पाल्यावर, फळांवर जगणारे प्राणी एकामागून एक नाहीसे झाले. त्यांत ‘शिवापिथेकस’ हा वानरही होता. झाडी आक्रसू लागली तशी सुमारे ८५ लाख वर्षांपूर्वी त्या भागातून त्याची नोंद संपते.

येथे एक विषयांतर करतो, कारण व्याख्यानानंतर कोणी ना कोणी हा प्रश्न विचारतेच. याच थरांतल्या एका जबड्याला १९३० च्या दशकात ‘रामापिथेकस’ हे नाव दिले गेले आणि पुढे कित्येक वर्षे तो मानवाचा आद्य पूर्वज म्हणून पाठ्यपुस्तकांत मिरवला. रामाचे नाव, भारताची भूमी आणि मानवाचा पूर्वज, असा त्रिवेणी संगम झाल्यावर आपण हरखून गेलो तर नवल नाही. परंतु १९८२ मध्ये शिवापिथेकसच्या चेहऱ्याचा जवळजवळ पूर्ण सांगाडा प्रसिद्ध झाला, आणि तो ओरांग-उटानचा नातलग असल्याचे दिसले; रामापिथेकस हा त्या शिवापिथेकसच्याच कुळात विलीन झाला. नाव ठेवणाऱ्याने दिलेले नाव हा पुरावा नसतो. आपल्या परंपरेचा अभिमान बाळगण्यासाठी आपल्याला या वानराची गरज नाही.

तर आता दख्खनच्या पठारावर परत येऊ.

गोदावरीच्या काठची ही कथा १८६५ पासून सुरू होते. पैठणच्या समोरच्या मुंगी गावाजवळ, प्राण्यांची अश्मीभूत हाडे असलेल्या गोट्यांच्या थरातून, भूवैज्ञानिक सर्वेक्षणातल्या वाइन या अधिकाऱ्याला अकीक दगडाची एक छिलका-पाते मिळाले. माणसाच्या हातचे. म्हणजे ज्या काळी ते हत्ती नि बैल गोदाकाठी होते, त्याच काळी माणूसही होता. पुढे १९०५ मध्ये पिलग्रिम यांनी नांदूर मधमेश्वर येथे मिळालेल्या विशाल हत्तीचे वर्णन प्रसिद्ध केले. नर्मदेवरून ज्याला ‘नामादिकस’ म्हणतात तोच हा हत्ती, आजच्या आपल्या हत्तीहून खूपच थोराड. नांदूर मधमेश्वर आज पक्ष्यांसाठी प्रसिद्ध आहे. २०२० मध्ये ते महाराष्ट्रातले पहिले रामसर पाणथळ ठरले. तेथे दुर्बिणी घेऊन जाणाऱ्यांपैकी किती जणांना पायाखालच्या हत्तीची वार्ता असेल, देव जाणे. डॉ. हसमुख सांकळिया यांनी प्रवरा-गोदावरीच्या दरडी पायी पालथ्या घातल्या. ज्ञानोबांच्या नेवाशात त्यांनी अश्मयुगापासून पुढचा सलग इतिहास उकरला, आणि गोदाकाठच्या कालेगाव येथे रानबैलाच्या अवशेषांबरोबर दगडी हत्यारे असल्याचे दाखवले. डेक्कन महाविद्यालयाच्या जी. एल. बदाम यांचा भारतातील प्रातिनूतन काळातल्या प्राण्यांवरचा ग्रंथ १९७९ चा. मांजरेवरचे काम या परंपरेतले.

या नद्यांच्या थरांतून जी मंडळी मिळतात त्यांची पंगत पाहण्यासारखी आहे. तो थोराड हत्ती, लांब शिंगांचा रानबैल, रानम्हैस, हरणे, रानघोडा, मगर, कासवे आणि पाणघोडा. आता प्रत्येकाची साक्ष घ्या. रानघोडा सांगतो, मोकळे माळ होते. हरणे सांगतात, झाडीही होती. म्हशीला चिखल हवा. मगर-कासवांना पाणी हवे. आणि दरडीतल्या मातीकडे पाहिले तर तिच्यात चुनखडीचे खडे दिसतात, ज्यांना आपण कंकर म्हणतो. कंकर बनायला लांबलचक कोरडा ऋतू लागतो. म्हणजे तेव्हाचा मराठवाडा सदाहरित अरण्य नव्हता. उन्हाळा तेव्हाही कडक होता, पाऊस तेव्हाही चार महिन्यांचाच.

आणि तरीही पाणघोडा होता. या ठिकाणी मी अडखळलो होतो, आणि माझ्या मते या सगळ्या विषयाचे मर्म येथे आहे. पाणघोड्याच्या कातडीला ऊन सोसत नाही. ती कोरडी पडते, तडकते. म्हणून त्याला दिवसभर बुडून राहण्याइतके खोल पाणी लागते. रात्री तो काठावर येतो आणि गवत चरतो. पहाट झाली की पुन्हा डोहात. त्याला दोनच गोष्टी लागतात, बाराही महिने टिकणारा डोह आणि डोहापासून चालत जाण्याच्या अंतरावर गवत. तेव्हा पाणघोड्याचा दात फार पावसाची साक्ष देत नाही. पडलेले पाणी वैशाखापर्यंत नदीत टिकत होते, याची तो साक्ष देतो. मराठवाड्यात राहणाऱ्याला या दोन गोष्टींतला फरक समजावून सांगण्याची आवश्यकता नाही.

एक सावधगिरी अभ्यासक नेहमी बाळगतात, तीही सांगतो. नदी प्रामाणिक ग्रंथपाल नव्हे. ती वरच्या खोऱ्यातली हाडे खाली आणते, जुन्या थरातली फोडून नव्यात मिसळते. एका दरडीत शेजारी शेजारी पडलेले घोडा आणि पाणघोडा एकाच वर्षी, एकाच काठावर होतेच असे नाही. म्हणून हाड किती झिजले आहे, कडा धारदार आहेत की गोलावल्या आहेत, जबडा अखंड आहे की सुटे दात, हे सारे पाहावे लागते. झीज कमी, म्हणजे प्रवास कमी.

आपल्याकडच्या पाणघोड्याची जात आफ्रिकेतल्याहून निराळी होती. फाल्कनर आणि कॉटली यांनी तिला ‘हेक्साप्रोटोडॉन’, म्हणजे पुढे सहा दात असलेला, असे नाव ठेवले. आफ्रिकेतल्या पाणघोड्याच्या जबड्यात पुढचे दात चार असतात. शिवालिकमध्ये हा प्राणी लाखो वर्षांपूर्वीपासून मिळतो, नर्मदेत मिळतो, गोदावरी-मांजरेत मिळतो. आणि तो गेला कधी? मला वाटत होते, फार फार पूर्वी. पण २०१९ मध्ये भारतीय आणि परदेशी संशोधकांनी मिळून मध्य भारतातल्या पाणघोड्याच्या अवशेषाचे कालमापन प्रसिद्ध केले. उत्तर आले, सुमारे सोळा हजार वर्षे. भूगर्भशास्त्राच्या पंचांगात हे कालचे आहे. नर्मदेच्या काठी तेव्हा आपल्यासारखीच माणसे वस्ती करून होती, त्यांनी पाणघोडा पाहिला असणार.

आपल्या भाषेला मात्र त्याची आठवण नाही. ‘पाणघोडा’ हा शब्द ग्रीक नावाचे भाषांतर आहे, त्यांच्याकडे ‘नदीचा घोडा’ म्हणून आपल्याकडे पाणघोडा. सिंह, गेंडा, मगर, कासव यांना आपल्याकडे कथा आहेत, वाहनांची पदे आहेत. याला काहीच नाही. तो आपल्या कथा सुरू होण्याआधी निघून गेला.

का गेला, याचे उत्तर संशोधक पावसाकडे बोट दाखवून देतात. सुमारे एकवीस हजार वर्षांपूर्वी शेवटच्या हिमयुगाचा कडाका होता. समुद्राची पातळी आजच्याहून शंभर मीटरहून अधिक खाली गेली होती, आणि आपला मान्सून क्षीण झाला होता. नद्यांचे प्रवाह घटले. डोह आटत गेले असावेत. हत्तीचे तसे नाही. एक पाणवठा आटला तर तो पन्नास कोस चालून दुसरा गाठेल. पाणघोडा उन्हात लांबचा प्रवास करू शकत नाही. दोन डोहांमधला कोरडा टप्पा वाढला की तो आपल्या डोहातच अडकला. त्या काळातल्या कोरडेपणाची साक्ष आणखी एका प्राण्याने दिली आहे, जरी तो सस्तन नव्हे. चाळीसगाव तालुक्यातल्या पाटणे येथे सा. अ. साळी यांच्या उत्खननात शहामृगाच्या अंड्याची कवचे मिळाली, सुमारे पंचवीस हजार वर्षांपूर्वीची, एकावर माणसाने कोरलेली नक्षीसुद्धा. खानदेशात शहामृग! जळगावच्या माणसाला मी हे सांगितले तर तो म्हणाला, ऊन पाहता मला नवल वाटत नाही.

२०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाने दाखवले की, गेल्या पन्नास हजार वर्षांत भारतीय उपखंडातून मोठ्या सस्तन प्राण्यांपैकी चार जाती नाहीशा झाल्या. तो थोराड हत्ती, स्टेगोडॉन, पाणघोडा आणि रानघोडा. उत्तर अमेरिकेत आणि ऑस्ट्रेलियात त्या मानाने अक्षरशः संहार झाला होता. आपल्याकडे हत्ती, गेंडा, गवा, वाघ, सिंह टिकले. येथे माणूस आणि प्राणी फार दीर्घ काळ शेजारी राहिले, एकमेकांच्या सवयी ओळखून राहिले, असे एक स्पष्टीकरण दिले जाते. ते मला पटते. पण टिकले म्हणजे जागच्या जागी टिकले असे नव्हे. गुजरातेत लांघणज येथे सांकळियांना गेंड्याचे खांद्याचे हाड मिळाले, मध्याश्मयुगीन माणसाने ऐरणीसारखे वापरलेले. सिंधू-सरस्वती संस्कृतीच्या मुद्रांवर गेंडा किती बारकाव्याने कोरला आहे, हे आपण सर्वांनी पाहिले आहे. आज गेंडा पाहायला गुजरातेतून आसामला जावे लागते.

रानघोड्याविषयी एक वाक्य बोललेच पाहिजे. वेदांतला घोडा भारतातलाच की बाहेरून आलेला, हा वाद आपल्या सभांत नेहमी निघतो, आणि कोणीतरी उत्साहाने या जीवाश्मांचा दाखला देतो. कृपा करून देऊ नका. नर्मदा-गोदेचा हा रानघोडा वेदांच्या कित्येक सहस्रके आधीचा आहे, निराळ्या जातीचा आहे, आणि त्याला माणसाने कधी लगाम घातल्याचा पुरावा नाही. त्या वादाच्या रथाला हे घोडे जुंपले तर रथ चार पावलेही जाणार नाही, आणि हसे आपले होईल.

आता शेवटचा मुद्दा, आणि तो जीवाश्मांपेक्षा आपल्याशी अधिक संबंधित आहे. हे अवशेष नेमके असतात कुठे? दरडीच्या पायथ्याशी, जुन्या वाळूच्या आणि गोट्यांच्या थरांत. आणि आज जेसीबीचा फाळ कुठे पडतो? तिथेच. वाळूचा एक ब्रास काढताना त्यात किती हजार वर्षांचा दप्तरखाना गेला, हे हायवाच्या चालकाला ठाऊक नसते आणि लिलाव करणाऱ्यालाही नसते. २०१३ च्या ऑगस्टमध्ये राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने पर्यावरणीय मंजुरीविना वाळू उपसण्यास देशभर मनाई केली. त्यानंतरही रात्रीच्या वेळी नदीकाठच्या गावांत काय चालते, ते मी सांगायला नको; ती बातमी देताना आमच्या व्यवसायातल्या अनेकांनी मार खाल्ला आहे.

वाळू गेली की हाडे जातात हे खरे; पण त्याबरोबर डोहही जातो. वाळूचा थर म्हणजे नदीची साठवण. वर पात्र कोरडे दिसले तरी वाळूच्या पोटात पाणी असते. आपल्या आया-बहिणी चैत्रात पात्रात झिरा खोदून वाटी-वाटीने हंडा भरत, ते त्या पाण्यातून. काठच्या विहिरींचा पाझर त्यातूनच चाले. खडकापर्यंत वाळू खरवडल्यावर पावसाचे पाणी थांबायला जागाच उरत नाही. हिमयुगाने क्षीण मान्सून आणून जे काम काही हजार वर्षांत केले, ते आपण चांगला पाऊस पडत असतानाही तीस-चाळीस वर्षांत करून दाखवले. त्यात ज्वारी-करडईच्या मुलखात आपण उसाचे किती फड उभे केले, हेही जोडून पाहावे. उसाला दोष नाही. त्याला पाणघोड्यासारखीच बाराही महिने पाण्याची सवय आहे, एवढेच.

जीवाश्मांच्या रक्षणासाठी स्वतंत्र कायद्याचा मसुदा खाण मंत्रालयाने २०२२ च्या डिसेंबरात लोकांपुढे ठेवला होता. सगळे अधिकार एकाच सरकारी खात्याकडे जातील, म्हणून अभ्यासकांनीच त्यावर आक्षेप घेतले. तो विषय त्यांच्याकडे सोडू. तुमच्या-माझ्या हाती जे आहे ते फार साधे आहे. विहीर खणताना, दरड कोसळल्यावर, पुरानंतर काठावर फिरताना दगडासारखे जड हाड किंवा दात दिसला, तर तो उपटू नका. भ्रमणध्वनीवर त्याचे छायाचित्र घ्या, शेजारी एखादे नाणे ठेवून, म्हणजे आकार कळेल. दरडीच्या कोणत्या थरात, वरून किती हातांवर, ते टिपा. गावाचे नाव, शिवाराचे नाव, नदीचे वळण, तारीख लिहा. मग जवळच्या महाविद्यालयातल्या भूगोलाच्या किंवा भूगर्भशास्त्राच्या प्राध्यापकांना दाखवा, अथवा पुण्याला डेक्कन महाविद्यालयाच्या पुरातत्त्व विभागाला कळवा. वृत्तपत्राकडे सर्वांत शेवटी जा. हा सल्ला मी अनुभवाने देतो आहे.

येथे येण्यापूर्वी मी माझ्याजवळची काही छायाचित्रे मोठ्या आकारात छापून घेतली. हत्तीच्या दाढेचे, पाणघोड्याच्या जबड्याचे आणि मांजरेच्या एका दरडीचे. ती बाहेर वर्तमानपत्रांच्या टेबलावर ठेवली आहेत. दाढेच्या छायाचित्रावर बोट ठेवून पट्ट्या मोजून पाहा. आणि तुमच्यापैकी कोणाच्या घरी, गोठ्यात, परसात असा एखादा जड दगड दार अडवायला ठेवलेला असेल, तर उद्या सकाळी मी येथेच आहे, दहाच्या गाडीपर्यंत. घेऊन या. कुठे सापडला, ते मात्र आजीला विचारून आणा.